सासूबाईंची छाती आणि प्रोटीनचा डबा

नागपूरच्या एका वाचक ताईंचं पत्र. ओळख पटेल असं सगळं काढून टाकून थोडक्यात देते.

"घरात आम्ही दोघं, मुलगा आणि सासू-सासरे. सासूबाई 68 वर्षांच्या. गेल्या दीड वर्षात त्यांना तीनदा न्यूमोनिया झाला, दोनदा भरती करावं लागलं. वजन 54 वरून 48 वर आलं. शुगर काठावर आहे. याच काळात नणंदेचं बाळ तिसाव्या आठवड्यातच जन्मलं. त्याला श्वास घेता येईना, तेव्हा डॉक्टरांनी नळीतून फुफ्फुसात औषध सोडलं. त्यात फुफ्फुसातलं प्रोटीन असतं असं कोणीतरी सांगितलं. बाळ आता छान गुटगुटीत आहे. तेव्हापासून पुण्याच्या दिरांनी धरलंय की आईच्याही फुफ्फुसातलं प्रोटीन कमी झालं असणार. फुफ्फुसातलं प्रोटीन जंतूंशी लढतं, असं त्यांनी वाचलंय. दर महिन्याला ते अडीच हजारांचा प्रोटीन पावडरचा डबा पाठवतात. सासूबाईंच्या घशाखाली तो उतरत नाही. परवा फोनवर म्हणाले, 'वहिनी, नुसत्या वरण-भातात काय असतं? निदान दुधातून कच्चं अंडं तरी द्या.' आमच्याकडे अंडं चालत नाही. सासूबाई म्हणतात, 'माझं वय झालं, कायले खर्च करता?' सासरे गॅलरीत दिवसाला दोन-तीन बिड्या ओढतात आणि रात्री मच्छरांसाठी कॉइल लागते, पण ते तर वर्षानुवर्षं चालूच आहे. मला विचारायचंय, डबा चालू ठेवू का? बाळाला दिलं ते औषध सासूबाईंना मिळेल का? हे प्रोटीन किती आहे ते रक्त तपासून कळतं का? आणि माझ्या स्वयंपाकात खरंच काही कमी पडतंय का?"

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो तुम्ही सगळ्यात खाली लिहिलाय आणि सगळ्यात जास्त छळतोय तोच. वरण-भाताने न्यूमोनिया होत नाही. घरातलं माणूस वारंवार आजारी पडलं की नजर स्वयंपाकघराकडे वळते आणि तिथे उभी असते सून. तुमच्या घरातही तेच झालंय. दिरांचा हेतू वाईट नाही. लांब राहणाऱ्या मुलाला आईसाठी काहीतरी करायचं असतं आणि कुरिअरने डबाच पाठवता येतो.

मी डॉक्टर नाही. तीसेक वर्षं कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे प्रोटीन या शब्दावरून होणारे गोंधळ ओळखीचे आहेत. तुमच्या दिरांचं अर्धं बरोबर आहे. अडचण तीच आहे, पूर्ण चूक असतं तर तुम्हीच एका वाक्यात उडवून लावलं असतं.

आधी बाळाचं पाहू. कॉटन मार्केटमध्ये बंदी असूनही मिळते ना ती पातळ प्लास्टिकची पिशवी, ती आतून ओली असली की उघडताना काय होतं आठवा. दोन्ही बाजू एकमेकींना घट्ट चिकटतात, फुंकर मारा, चोळा, उघडता उघडत नाही. फुफ्फुसात अशा चिमुकल्या पिशव्या, म्हणजे वायुकोश, तीस ते पन्नास कोटींच्या घरात असतात आणि सगळ्या आतून ओल्या. त्या पसरून ठेवल्या तर साधारण साडेसातशे चौरस फुटांचा फ्लॅट झाकला जाईल. श्वास सोडताना त्या मिटून चिकटू नयेत म्हणून त्यांच्या भिंतीतल्या खास पेशी सर्फॅक्टंट नावाचा साबणासारखा पदार्थ बनवतात. पाण्याचा ताण तो कमी करतो. तो सुमारे नव्वद टक्के चरबी आणि दहा टक्के प्रोटीन असतो. गर्भात तो पुरेसा तयार व्हायला साधारण पस्तीसावा आठवडा उजाडतो. तीस आठवड्यांच्या बाळाकडे तो जेमतेमच असतो.

ही गोष्ट 1959 पर्यंत कोणाला नीट कळलेलीच नव्हती. त्या वर्षी मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवून दिलं की अशा बाळांच्या फुफ्फुसात हा पदार्थच कमी असतो. चारच वर्षांनी, 1963 मध्ये, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचं साडेपाच आठवडे आधी जन्मलेलं बाळ याच आजाराने दोन दिवसांत गेलं. राष्ट्राध्यक्षाच्या मुलालाही देता येईल असं औषध तेव्हा नव्हतं. 1980 मध्ये जपानच्या फुजिवारांनी बाळांच्या फुफ्फुसात सर्फॅक्टंट सोडून त्यांना वाचवून दाखवलं, आणि आज तुमच्या भाच्याला ते नागपुरात मिळालं. (ही औषधं बहुतेक वेळा गाईच्या किंवा डुकराच्या फुफ्फुसापासून बनवतात. अंडं न चालणाऱ्या घरात हे सांगावं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. बाळ गुटगुटीत आहे एवढं मला पुरेसं आहे.)

आता गंमत बघा. सर्फॅक्टंटमध्ये चार मुख्य प्रोटीन असतात, एसपी-ए, बी, सी आणि डी. बी आणि सी पिशवी उघडी ठेवायच्या कामात. जंतूंशी ज्यांचा संबंध आहे ती ए आणि डी. आणि प्राण्यांच्या फुफ्फुसापासून औषध बनवताना ए आणि डी गाळली जातात. म्हणजे बाळाला जे दिलं त्यात दिरांनी वाचलेलं जंतूंशी लढणारं प्रोटीन नव्हतंच. बाळाच्या पिशव्या उघडायच्या होत्या, त्या उघडल्या. सासूबाईंच्या पिशव्या अडुसष्ट वर्षं उघडताहेत. मोठ्या माणसांची फुफ्फुसं गंभीर आजारात निकामी होतात तेव्हा हे औषध देऊन पाहिलं गेलंय, पण त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. तेव्हा हा प्रश्न इथेच मिटवा, डॉक्टरांकडे आग्रह धरू नका.

तरी ए आणि डी यांच्याबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही, कारण वर्गात हा धडा मला सगळ्यात आवडायचा. एसपी-ए दिसतं फुलांच्या गुच्छासारखं, एसपी-डी फुलीसारखं, चार हातांचं. दोघांच्या टोकांना अशी बोटं असतात जी जंतूंच्या अंगावरच्या साखरेला पकडतात. बऱ्याच जीवाणूंच्या, बुरशीच्या, फ्लूच्या विषाणूच्या अंगावर साखरेच्या साखळ्या असतात आणि त्यांची मांडणी बहुतेक वेळा आपल्या पेशींपेक्षा वेगळी असते. एका हाताने एक जंतू धरला, दुसऱ्याने दुसरा, की त्यांचा गठ्ठा होतो. मग वायुकोशात गस्त घालणारी भक्षकपेशी येते आणि तो गठ्ठा गिळते. हे सगळं तुम्हाला ताप येण्याच्या आधी, खोकला येण्याच्याही आधी चाललेलं असतं. दिवसाला आपण दहा हजार लिटरच्या आसपास हवा आत घेतो. त्यातून किती काय आत जात असेल, आणि तरी रोज आजारी पडत नाही.

पण याच प्रोटीनची दुसरी बाजू आहे, आणि दिरांच्या 'जास्त तेवढं चांगलं' या हिशेबात ती बसत नाही. जंतू नसतात तेव्हा हेच ए आणि डी भक्षकपेशींना शांत राहायला सांगतात. ज्या उंदरांमधून एसपी-डीचं जनुकच काढून टाकलं, त्यांच्या फुफ्फुसात भक्षकपेशी विनाकारण चवताळल्या आणि वायुकोशांच्या भिंती हळूहळू विरत गेल्या. फुफ्फुस फार नाजूक जागा आहे. तिथे रोजच लढाई पेटली तर घरच जळेल. 'प्रतिकारशक्ती वाढवा' असं डब्यावर छापलेलं दिसलं की मला हे उंदीर आठवतात.

रक्ततपासणीचंही असंच आहे. एसपी-डी रक्तात मोजता येतं, पण त्याची जागा फुफ्फुसात. फुफ्फुसाला इजा झाली की ते पाझरून रक्तात येतं. म्हणजे आकडा वाढला तर ती वाईट बातमी. तुमच्या निर्णयासाठी या तपासणीचा काही उपयोग नाही, पैसे घालू नका.

डब्याकडे येते. प्रोटीन कुठलंही खा, दुधाचं, सोयाबीनचं नाहीतर अडीच हजारांच्या डब्यातलं, पोटात त्याचे तुकडे होतात आणि सुटे तुकडे रक्तात जातात. त्यातून कुठे काय बांधायचं ते शरीर ठरवतं. विटांचा ट्रक दाराशी उतरवला म्हणजे गवंडी नेमकी तुम्हाला हवी तीच भिंत बांधेल असं नसतं. कच्च्या अंड्याचं तर जास्तच मजेशीर आहे. अंड्याच्या पांढऱ्यात लायसोझाइम नावाचं प्रोटीन खरोखर असतं. ते जीवाणूंच्या भिंती फोडतं, आणि आपल्या अश्रूंत, नाकाच्या शेंबडात, श्वासनळ्यांच्या चिकट थरातही तेच असतं. ते शोधलं अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी, सर्दी झालेल्या नाकातल्या स्रावात, आणि 1922 मध्ये प्रसिद्ध केलं, पेनिसिलिनच्या सहा वर्षं आधी. पण अंड्यातलं लायसोझाइम पोटात गेलं की त्याचेही तुकडेच होणार, छातीपर्यंत ते पोचत नाही. शिवाय अशक्त माणसाला कच्च्या अंड्यातून साल्मोनेला या जीवाणूचा संसर्ग व्हायची भीती. तुमच्या घरात अंडं चालत असतं तरी मी कच्चं नकोच म्हटलं असतं.

मग डबा फेकून द्यायचा का? इथे मी थोडी थांबते. सहा किलो वजन उतरलंय, ही तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट आहे. दोनदा भरती होऊन आलेल्या म्हाताऱ्या माणसाचे स्नायू झिजतात, आणि खोकून कफ बाहेर काढायला स्नायूच लागतात. तेव्हा सासूबाईंना प्रोटीन लागणार आहे, फक्त दिर म्हणतात त्या कारणासाठी नाही. प्रौढ माणसाला वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण पाऊण-एक ग्रॅम पुरतं, उतारवयात एक ते सव्वा ग्रॅमपर्यंत सांगतात. त्यांच्यासाठी म्हणजे पन्नास-पंचावन्न ग्रॅमच्या आसपास. तीस ग्रॅम कोरड्या डाळीत सहा-सात, पेलाभर दुधात सहा-सात, मूठभर शेंगदाण्यात सात, पन्नास ग्रॅम पनीरमध्ये नऊएक ग्रॅम. गोळाभात करा, मऊ करा, गोळे हरभऱ्याच्या डाळीचेच असतात. पाटवडीचा रस्सा कमी तिखटाचा करा. दुपारी दुधात सातूचं पीठ कालवून द्या. एका वेळी ताटभर जात नाही त्यांना, हे तुम्हीही बघत असाल. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या. एवढं करूनही वजन सावरलं नाही तर डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ सांगतील ती पावडर, सांगतील तेवढीच. डब्यामागचं बारीक अक्षर वाचा. शुगर काठावर असलेल्या बाईला साखर घातलेली पावडर कोण देईल? किडनीची तपासणी झाली नसेल तर ती आधी, कारण किडनी कमजोर असेल तर प्रोटीनचा सगळा हिशेबच बदलतो.

आता ते वाक्य. "पण ते तर वर्षानुवर्षं चालूच आहे." बिडी आणि कॉइल, दोन्ही तुम्ही एका ओळीत उरकलंत.

फुफ्फुसाला राखणारं आणखी एक प्रोटीन आहे, अल्फा-1 अँटीट्रिप्सिन. बनतं यकृतात आणि रक्तातून फुफ्फुसात येतं. स्वीडनच्या लॉरेल आणि एरिक्सन यांनी 1963 मध्ये काही रुग्णांत ते नसल्याचं दाखवलं. जंतूंशी लढताना आपल्याच पांढऱ्या पेशी एक कातरीसारखं एन्झाइम सोडतात. ते जंतूंना कापतं आणि हात पोचला तर वायुकोशांचे लवचिक धागेही कापतं. अल्फा-1 त्या कातरीचं तोंड धरून ठेवतं. आणि तंबाखूचा धूर या प्रोटीनचा नेमका तो पकडणारा भागच बिघडवतो. प्रोटीन असतं, पण पकड सुटलेली. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या फुफ्फुसातून धुऊन काढलेल्या द्रवात एसपी-ए आणि डीसुद्धा कमी सापडतात. श्वासनळीतला कफ वर ढकलणारे बारीक केसही धुराने मंदावतात. हे झालं सासऱ्यांचं. पण गॅलरीचं दार सासूबाईंच्या खोलीत उघडत असेल तर धूर एकट्या सासऱ्यांचा राहत नाही. घरात दुसऱ्याचा धूर घेणाऱ्या 65 वर्षांवरच्या माणसांत न्यूमोनिया जास्त आढळलेला आहे. आणि कॉइल? एक कॉइल जळताना निघणारे बारीक कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरतात, असं 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत दिसलं. खिडक्या लावून, रात्रभर, उशाशी.

तेव्हा दर महिन्याला अडीच हजारांचं प्रोटीन विकत आणायचं आणि फुफ्फुसात फुकट बनणाऱ्या प्रोटीनला धुरी द्यायची, असं सध्या चाललंय. यात तुमचा दोष आहे असं मी मुळीच म्हणत नाही. जे रोज दिसतं ते दिसेनासं होतं.

सासऱ्यांशी तुम्ही बोलू नका. "दोन बिड्यांनी काय होते" हे उत्तर ठरलेलं आहे आणि सुनेच्या तोंडून आलं की विषय बिडीचा न राहता मानापमानाचा होतो. पुढच्या तपासणीला सासऱ्यांनाच सासूबाईंसोबत न्या आणि डॉक्टरांना आधी सांगून ठेवा की हे त्यांच्यासमोर बोला. बायकोच्या एक्सरेकडे बोट दाखवून डॉक्टरने सांगितलेलं बऱ्याच पुरुषांना ऐकू येतं. सोडायची तयारी दिसली तर तंबाखू सोडण्यासाठी सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, 1800-11-2356. एकदम जमलं नाही तर तोवर गच्चीवर, गॅलरीत नाही.

आणि आता जे आधीच व्हायला हवं होतं. दीड वर्षात तीनदा न्यूमोनिया म्हणजे कुठेतरी कारण दडलेलं आहे, 'वय झालं' हे कारण नाही. सगळे एक्सरे तारखेने लावून घेऊन जा आणि विचारा, तिन्ही वेळा डाग एकाच जागी होता का? एकाच जागी पुन्हापुन्हा होत असेल तर तिथे काही अडतंय का, ते सीटी स्कॅन करून बघावं लागतं. वेगवेगळ्या जागी असेल तर शोध वेगळ्या दिशेने. कफाची टीबीसाठी तपासणी झाली का? ती नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत सरकारी कार्यक्रमातून मोफत होते. शुगर तीन महिन्यांच्या सरासरीची बघितली का? पाणी पिताना त्यांना ठसका लागतो का? लागत असेल तर अन्न-पाणी चुकीच्या नळीत जात असेल, आणि हे उतारवयातल्या न्यूमोनियाचं फार नेहमीचं कारण आहे. जेवताना ताठ बसवा, जेवण झाल्यावर अर्धा तास तरी आडवं होऊ देऊ नका. कवळी असेल तर रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवा. कवळी घालून झोपणाऱ्या वृद्धांत न्यूमोनिया जास्त होतो, हे जपानमधल्या एका पाहणीत दिसलंय. रक्तातल्या अँटीबॉडीची पातळी बघायची का, हेही विचारा. दिरांना प्रोटीन मोजायचंच असेल तर हे मोजण्यासारखं आहे. अँटीबॉडी प्रोटीनच असतात.

लसींचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या नेहमीच्या जीवाणूविरुद्धची आणि दरवर्षीची फ्लूची, दोन्हींबद्दल याच भेटीत बोला. शरीराला नेमकी कुठली प्रोटीन बनवायची ते शिकवायचा हा खरा मार्ग. दिरांना पैसे पाठवायचेच असतील तर डब्याऐवजी यासाठी पाठवायला सांगा. म्हणा, "भाऊजी, डब्याचे दोन महिन्यांचे पैसे आईंच्या लसींना द्या, आणि पुढच्या वेळी नागपूरला आलात की डॉक्टरांकडे तुम्हीच घेऊन चला." आईसाठी काहीतरी करायची त्यांची हौसही भागेल आणि एक्सरेंची पिशवी त्यांच्या हातात जाईल. सासूबाईंच्या "कायले खर्च करता"ला मात्र मी फार महत्त्व देणार नाही. आमच्या पिढीच्या बायका असंच बोलतात, आणि कोणी खर्च केला नाही तर लक्षातही ठेवतात.

राहिली कॉइल. आज रात्रीपासून मच्छरदाणी लावा, पलंगाच्या गादीखाली नीट खोचून. आणि मच्छर येतात कुठून ते बघा. नागपुरात निम्म्या घरांत उन्हाळ्यातला कूलर दिवाळीपर्यंत खिडकीत तसाच असतो. तुमचाही असेल तर टाकी पूर्ण रिकामी करा, तळ आणि कडा ब्रशने घासून काढा, कारण अंडी कडेला चिकटून राहतात आणि पुढचं पाणी पडलं की त्यांतून अळ्या निघतात. बूच काढून ठेवा, टाकी उन्हात वाळू द्या. खसच्या ताट्या ओल्या असतील तर त्याही काढा. हे काम या रविवारीच करून टाका.